पार्किंगमधलं रानटी मांजर घरात आणायचंय?

आधी वय बघा. २ ते ७-८ आठवड्यांचं पिल्लू पटकन माणसाळतं, मोठ्या बोक्याला मात्र महिने लागतात आणि काही तर कधीच मांडीवर येत नाहीत, तेव्हा हट्ट नको. पहिलं व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या, जंताचं औषध, रेबीजची लस, नसबंदी सगळं विचारून घ्या. मग अख्खं घर नाही, एकच छोटी खोली, लपायला खोका, लांबच्या कोपऱ्यात शी-शूसाठी वाळूचा (लिटरचा) ट्रे, आणि खिडकीला जाळी आधीच मारून घ्या हां. दूध नको, जुलाब होतात. उकडलेलं बिनमिठाचं चिकन लांब चमच्याने पुढे करा, तेही खाली बसून, दुसरीकडे बघत, टक लावून बघितलं की ते बिथरतं. कान मागे गेले, शेपटी आपटतंय? हात मागे. चावलं, ओरबाडलं तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवून लगेच डॉक्टर गाठा.