तळ्यातला बास मोठा करायचा तर

अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः जॉर्जिया-अलाबामाकडे, घरामागे खाजगी तळं असणं म्हणजे आपल्याकडे शेतात विहीर असण्यासारखंच. आमच्या घराबरोबर असंच एक एकराचं तळं आलं, आत लार्जमाउथ बास, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा मासा. पहिल्या उन्हाळ्यात गळ टाकला की मासा लागायचा आणि मी खूश. शेजारच्या आजोबांनी एक मासा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "तळं उपाशी आहे तुझं." नीट पाहिलं तर खरंच. डोकं मोठं, पोट खपाटीला, पाठ सुरीच्या पात्यासारखी. आणि सगळे मासे एकाच मापाचे, दहा-अकरा इंची.

आपल्या शेततळ्यातला कटला पाण्यातलं प्लवंग, म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, खाऊन वाढतो. बास शिकारी आहे. त्याला किलोभर वाढायला साधारण दहा किलो मासे खावे लागतात. पुढचं सगळं या एका हिशोबावर चालतं.

१. आधी मोजा

टेप आणि लटकता वजनकाटा घेऊन बसा. वीस-पंचवीस बास पकडा, लांबी-वजन वहीत लिहा आणि सोडून द्या. चांगला पोसलेला बारा इंची बास सुमारे ४०० ग्रॅम भरतो, पंधरा इंची ८००च्या थोडा वर आणि वीस इंची दोन किलोहून जरा जास्त. तुमचे मासे याहून बरेच हलके असतील तर खाणारी तोंडं जास्त झाली आहेत.

ब्लूगिल हे छोटे मासेही पाहा, कारण बासचं मुख्य खाणं तेच. ब्लूगिल थोडेच पण तळहाताएवढे मोठे मिळत असतील, तर बास पिल्लं उरूच देत नाहीत असं समजा. उलट तीन-चार इंची ब्लूगिलचे थवेच्या थवे आणि बास विरळा असतील, तर तिथे बास काढायचे नाहीत.

२. पाणी हिरवं करा, पण बेताने

पाणी हिरवं होतं ते प्लवंगाने; त्यावर ब्लूगिल पोसतात आणि ब्लूगिलवर बास. त्यासाठी खत द्यायचं, पण जॉर्जिया-अलाबामाकडची तांबडी माती बहुधा आम्लधर्मी असते. पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी) लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर खताचे पैसे पाण्यात. आधी शेतीचा चुना टाका; एकरी दोन टनांच्या आसपास लागतो, पण नेमका आकडा माती तपासूनच ठरवा. मग वसंतात पाणी कोमट झालं की फॉस्फरसयुक्त खत थोडं थोडं द्या. काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून सोडा. ती १८ ते २४ इंचांवर दिसेनाशी झाली की पाणी जमलं. बारा इंचांतच दिसेनाशी झाली तर खत बंद. अशा दाट हिरव्या पाण्यात दोन-तीन दिवस ढगाळ गेले की प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून धापा टाकताना दिसतात. ते एकदा पाहिल्यावर मी हवा सोडणारा पंप आणला.

३. ब्लूगिल पोसा

बास वर्षातून एकदा, वसंतात अंडी घालतो. ब्लूगिल मात्र उन्हाळाभर पुन्हा पुन्हा. काठालगतच्या उथळ पाण्यात त्यांचे ताटाएवढे गोल खळगे एकमेकांना चिकटून दिसतात. तिथे दोन-तीन फूट पाण्यात बारीक खडी पसरून दिली की त्यांना हवी ती जागा मिळते. ऋतू उबदार असताना गोळीखाद्य द्या, दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच.

तळं नवं असेल तर शरदात एकरी हजार ब्लूगिलची बोटुकली आणि पुढच्या जूनमध्ये शंभर बास, हे खत दिलेल्या तळ्याचं जुनं प्रमाण. खत देणार नसाल तर दोन्ही निम्मे. निव्वळ मोठ्याच बासचा नाद असेल तर बास त्याहूनही कमी सोडा. या तळ्यांच्या समतोलाचा पाया अलाबामात ऑबर्न इथे मत्स्यसंशोधक होमर स्विंगल यांनी घातला.

४. बास काढा

इथे हात थरथरतो. पाळलेला मासा काढायचा, तोही मोठा व्हावा म्हणून! पण बास दाटलेल्या तळ्याला दुसरा उपाय नाही. खत दिलेल्या तळ्यातून वर्षाला एकरी दहा ते पंधरा किलो छोटे बास काढावे लागतात, म्हणजे दहा इंची मासे पन्नास-साठ. बारा-चौदा इंचांखालचे काढा, त्यातही आधी सडपातळ. पकडून सोडून देण्याचा अमेरिकन शिष्टाचार इथे नुकसानच करतो. आमच्याकडे ते हळद-मीठ-तिखट लावून, रव्यात घोळून तव्यावर जातात. काट्यांपुरतं सांभाळायचं, चव छान.

नव्या तळ्यात मात्र पहिली दोन-तीन वर्षं बासला हात लावू नका.

५. बाहेरचं काही आत येऊ देऊ नका

पाहुण्यांच्या पोरांनी बादलीतून आणलेले दोन-चार क्रॅपी मासे लहान तळ्याचा समतोल बिघडवू शकतात. मासे परवानाधारक हॅचरीतूनच घ्या. पाणवनस्पती माजल्या म्हणून त्या खाणारा ग्रास कार्प मासा सोडणार असाल तर आधी राज्याचे नियम पाहा. पुष्कळ ठिकाणी फक्त वांझ माशांनाच परवानगी असते.

आणि हे वाचून कोणी नाशिक-सोलापूरच्या शेततळ्यात बास आणायचा विचार करत असेल, तर कृपा करून नको. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत हा मासा आहे. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी पकडलेल्या दहा किलोंच्या बासशी २००९ मध्ये बरोबरी झाली ती जपानच्या बिवा सरोवरात, आणि त्याच जपानने २००५ पासून या माशावर कायद्याने निर्बंध घातले आहेत.

तळ्यातले खरे मोठे बास बहुतेक माद्याच असतात. नर दीड-दोन किलोंच्या पुढे क्वचितच जातो. तेव्हा अशी मादी लागली तर हात ओले करून धरा. फोटोसाठी नुसत्या जबड्याला धरून उभी लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या आणि लगेच पाण्यात सोडा.