घरच्या नेटवर सारखं तुटणारं एसएसएच

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून काम करायची सुरक्षित जोडणी. पण नुसतं 'कनेक्शन तुटतं' एवढ्यावर कुणालाच काही शोधता येत नाही. कधी तुटतं ते आधी बघा. टाइप करताना तुटतं, की टर्मिनल नुसतं उघडं पडलेलं असताना? लॉगिन होतं पण मोठी लॉग फाइल उघडली की गोठतं, असं आहे का? नवा राउटर विकत घेणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि बहुतेक वेळा पैसे वाया.

नुसतं पडून असताना तुटणं हा सर्वांत नेहमीचा प्रकार. राउटर प्रत्येक कनेक्शनची नोंद नॅट टेबलमध्ये (घरातली सगळी यंत्रं एकाच आयपीमागे चालवायला लागणारी यादी) ठेवतो. बराच वेळ एकही पॅकेट गेलं नाही, की तो नोंद पुसतो आणि ते कुठल्याच टोकाला कळवत नाही. मग तुम्ही कळ दाबता, टर्मिनल ढिम्म, आणि थोड्या वेळाने 'ब्रोकन पाइप'. आरएफसी ५३८२ या इंटरनेट मानकाप्रमाणे चालू टीसीपी कनेक्शनची (एसएसएच यावरच चालतं) नोंद किमान २ तास ४ मिनिटं टिकायला हवी, पण काही घरगुती राउटर ती मिनिटांतच उडवतात. राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीकडेही आणखी एक सामायिक नॅट आहे. तिथली मुदत तुमच्या हातात नाही.

टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते चाचपणारी सोय) मुळातच चालू असतं, पण लिनक्स पहिली चाचपणी ७२०० सेकंदांनी करतं, त्यामुळे इथे त्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी होम फोल्डरमधल्या डॉट-एसएसएच फोल्डरात कॉन्फिग फाइल उघडा. 'होस्ट' पुढे तारका देऊन त्याखाली दोन ओळी घाला: सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३० आणि सर्व्हर-अलाइव्ह-काउंट-मॅक्स ४. (फाइलमध्ये ही नावं रोमन लिपीत, सलग, मध्ये रेघ न देता.) पहिल्याची मूळ किंमत ० असते, म्हणजे बंद. आता सर्व्हरकडून ३० सेकंद काही आलं नाही की क्लायंट विचारणा करेल, नोंद जिवंत राहील, आणि ४ विचारणांना उत्तर नाही आलं तर साधारण २ मिनिटांनी कनेक्शन सोडून देईल. उत्साहाच्या भरात ५ आणि १ असे आकडे टाकू नका. वायफायने जरा उचकी घेतली तरी कनेक्शन जाईल.

जाताना 'ऑटो-लॉगआउट' असा संदेश दिसला, तर दोष नेटचा नाहीच. सर्व्हरवरच्या शेलमध्ये टीएमआउट (ठरावीक वेळ काही टाइप केलं नाही की बाहेर काढणारी सेटिंग) लावलेलं आहे.

काम चालू असताना तुटत असेल तर दोन खिडक्यांत पिंग (समोरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) लावा: एक राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१), दुसरा सर्व्हरला. लिनक्सवर मोठ्या डी चा पर्याय दिला की प्रत्येक ओळीला वेळेचा शिक्का येतो. राउटरचाच पिंग अडखळला तर वायफाय बघा: लॅपटॉपला केबल लावून थोडं काम करा, तुटणं थांबलं तर निदान झालं. मग वायफायची वीजबचत बंद करा (नेटवर्क मॅनेजरमध्ये वायफाय-पॉवरसेव्हची किंमत २) आणि २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकी मोकळं चॅनेल निवडा. राउटरचा पिंग ठणठणीत आणि सर्व्हरचा तुटतो, तर राउटरच्या लॉगमध्ये पीपीपीओई (इंटरनेट कंपनीशी लॉगिन करून जोडायची पद्धत) पुन्हा जोडल्याच्या वेळा शोधा. नव्याने जोडताना आयपी बदलला की जुनी कनेक्शनं मेलीच. लाइट क्षणभर जाऊन येते त्या भागात राउटर यूपीएसवर आणि फायबरचा डबा साध्या सॉकेटवर, ही जोडी हमखास सापडते.

लॉगिन होतं, छोट्या कमांड चालतात, पण मोठं आउटपुट आलं की सगळं थिजतं: हा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ. पीपीपीओई ८ बाइट खातं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात. पॅकेटचे तुकडे करू नकोस असा पर्याय देऊन (लिनक्सवर मोठा एम आणि 'डू') १४७२ आकाराचा पिंग पाठवा, मग १४६४ चा. यात २८ बाइट हेडरचे मिळवायचे. दुसरा गेला आणि पहिला अडकला, तर राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपी पॅकेटचा आकार आपोआप आवळणं) चालू करा किंवा इंटरफेसचा एमटीयू १४९२ ठेवा. व्हीपीएन असेल तर आणखी खाली यावं लागतं. वायरगार्ड हा व्हीपीएन सहसा १४२० वापरतो.

नेट कितीही सुधारलं तरी तासभर चालणारं काम टीमक्समध्येच (सर्व्हरवर टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) लावा. कनेक्शन गेलं तरी काम चालू राहतं, पुन्हा लॉगिन करून 'अटॅच' केलं की झालं. वायफायवरून मोबाइल हॉटस्पॉटवर उड्या मारायच्या असतील तर मॉश (एसएसएचसारखाच, पण नेट बदललं तरी टिकणारा प्रोग्रॅम) बरा, फक्त सर्व्हरवर यूडीपी ६०००० ते ६१००० हे पोर्ट उघडावे लागतील.

आणि गोठलेलं टर्मिनल बंद करायची गरज नाही. एंटर, टिल्ड (~), पूर्णविराम, या क्रमाने दाबा. क्लायंट लगेच सुटतो. एका एसएसएचच्या आत दुसरं उघडलं असेल आणि फक्त आतलंच तोडायचं असेल, तर टिल्ड दोनदा.