मॉड्युलर सिंथसाठी लाकडी पेटी: आधी रेल, मग प्लाय

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटी मॉड्यूल एका पेटीत जोडून तयार होणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य. त्याचे पैसे मॉड्यूल घेण्यातच संपतात. त्यात तयार केस परदेशातून मागवली तर किमतीवर वाहतूक आणि कस्टम ड्युटी चढते. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याने हा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. प्लायचं दुकान आणि सुतार आपल्याकडे हाकेच्या अंतरावर असतात. विकत आणायच्या वस्तू दोनच: मॉड्यूल ज्यांवर कसतात ते ॲल्युमिनियमचे रेल आणि पॉवर सप्लाय. त्या दोन्ही हातात आल्याशिवाय लाकूड कापायचं नाही.

इथे युरोरॅकची पेटी गृहीत धरली आहे. जर्मनीच्या डोफर कंपनीने १९९०च्या दशकात रूढ केलेलं हे माप आज सर्वाधिक चालतं. मॉड्यूलच्या पुढच्या पत्र्याची, म्हणजे पॅनलची, उंची १२८.५ मि.मी. आणि रुंदी एचपीमध्ये. १ एचपी म्हणजे ५.०८ मि.मी. पहिल्या पेटीसाठी ८४ एचपीच्या दोन ओळी घ्या. मावतंही बरंच आणि उचलायलाही जड होत नाही.

आता मापांचं. आपले सुतार सुतात बोलतात. चार सुती प्लाय म्हणजे १२ मि.मी., सहा सुती म्हणजे १८-१९. कपाटाला, ओट्याखालच्या ट्रॉलीला हे उत्तम चालतं, पण एक सूत म्हणजे जवळजवळ ३.२ मि.मी. आणि इथे १ मि.मी. चुकला तरी रेल बसत नाही. म्हणून सगळी मापं मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून द्या आणि दुकानातल्या मोठ्या कटिंग मशीनवरच प्लाय कापून घ्या. पात्याच्या जाडीतच २-३ मि.मी. लाकूड जातं, तेव्हा रेघेच्या कोणत्या बाजूने कापायचं तेही दाखवा. शिवाय बऱ्याच सोसायट्यांत दुपारी ठोकाठोक बंद असते. कापाकापी बाहेर झाली की घरी फक्त जोडणी उरते.

कापायचे तुकडे असे. बाजू दोन, १८ मि.मी. प्लायच्या, २९४ × १२० मि.मी. वरची आणि खालची फळी १२ मि.मी.ची, १२० मि.मी. रुंद, लांबी तुमच्या रेलइतकीच. ८४ एचपीचा रेल साधारण ४२७ मि.मी. असतो, पण कंपनीगणिक थोडा फरक पडतो, त्यामुळे हातातला रेल मोजून आकडा लिहा. या फळ्या दोन बाजूंच्या मध्ये बसतील आणि आत २७० मि.मी. उंची मिळेल. पाठीला ६ मि.मी.ची फळी, बाहेरून स्क्रूने लावायची. फेविकॉल इथे नको, कारण ती वरचेवर उघडावी लागते.

रेलची भोकं पाडणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक पाऊल. एका ओळीत वरच्या आणि खालच्या स्क्रूंच्या मध्यांत १२२.५ मि.मी. अंतर लागतं. ते पट्टीने आखत बसू नका. चारही रेलमध्ये आटेदार पट्ट्या सरकवा आणि दोन्ही ओळींच्या दोन्ही टोकांना एकेक कोरं पॅनल एम ३ स्क्रूने कसा. आता हा सांगाडाच तुमचा साचा झाला. तो बाजूच्या फळीवर उभा धरा, पॅनल पुढच्या कडेपासून १० मि.मी. आत ठेवा आणि रेलच्या टोकांच्या भोकांच्या खुणा टोकदार पेन्सिलीने उतरवा. मग खुणा वर दिसतील अशा दोन्ही बाजू कडा जुळवून एकमेकींवर ठेवा, क्लॅम्पमध्ये आवळा आणि ड्रिल दोन्हींतून आरपार न्या. भोकं समोरासमोर आपोआप येतात. रेलच्या टोकाला बहुधा एम ५ स्क्रू लागतो. त्याला साडेपाचचं बिट वापरलं की स्क्रू फार ढिलाही राहत नाही आणि अडतही नाही.

जोडताना फेविकॉल मरीन लावा. प्लायच्या कडेत स्क्रू घालण्याआधी बारीक भोक पाडा, नाहीतर थर सुटतात. क्लॅम्प आवळल्यावर आतले दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, म्हणजे सुमारे ५०५ मि.मी. आले, की चौकट गुण्यात आहे. मग एक दिवस हात लावू नका.

प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या ग्रेडचा, आयएस ७१० शिक्का असलेलाच घ्या. खाडीकाठच्या हवेत पावसाळ्याचे चार महिने साधा प्लाय ओल धरतो आणि फुगलेली बाजू रेलला वाकवते. ओल सर्वांत जास्त कापलेल्या कडांतून शिरते, म्हणून कडांना लिपिंग पट्टी आणि आतूनही पॉलिशचे दोन हात द्या. पॉलिश शक्यतो दिवाळीनंतर करा.

पॉवरमध्ये काटकसर नको. प्रत्येक मॉड्यूलच्या माहितीत +१२ आणि -१२ व्होल्टवर किती मिलिॲम्पिअर लागतात ते दिलेलं असतं. दोन्ही बेरजा वेगळ्या करा. +१२ वर ७५० आले तर १००० चा सप्लाय घ्या, काठोकाठ नको. नवशिक्याने २३० व्होल्ट पेटीच्या आत आणूच नयेत. बाहेरच्या ॲडॉप्टरवर चालणारा तयार सप्लाय घ्यावा. सगळ्या मॉड्यूलना वीज वाटणारा बस बोर्ड पाठीच्या फळीवर स्पेसर देऊन बसवा आणि फळीत वर-खाली हवेची भोकं ठेवा.

एकही मॉड्यूल न लावता वीज सुरू करून मल्टिमीटरने +१२, -१२ आणि असल्यास +५ तपासा. मग वीज बंद करून एकेक मॉड्यूल जोडा. रिबन केबलची लाल कड म्हणजे -१२ व्होल्ट. ती बस बोर्डवरच्या आणि मॉड्यूलवरच्या -१२ च्या खुणेशीच आली पाहिजे. उलटी लागली तर मॉड्यूल क्षणात जळू शकतं, म्हणून दोन्ही टोकं बोटाने माग काढत पाहा.

लोकलमधून न्यायची असेल तर मूठ लाकडी स्क्रूवर लटकवू नका. आतून वॉशर आणि नट लावून बोल्टने बसवा. रिकाम्या एचपीवर कोऱ्या पट्ट्या लावा, कारण उघड्या फटीतून धूळ आणि झुरळं थेट सर्किटपर्यंत जातात.