रानडुकरासाठी काडतूस निवडताना या चुका टाळा

आधी कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौसेची शिकार बंद आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्यापुरता. डुकरावर ती चालवायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. गवा तर पहिल्या अनुसूचीत. त्याने अख्खी नाचणी तुडवली तरी पंचनामा करून भरपाई मागायची, बंदूक रोखायची नाही. पुढचं सगळं परवानगी हातात असलेल्यांसाठी.

रायफलच्या काडतुसाच्या नावातल्या आकड्यांवर भाळू नका. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, माप नव्हे. .३१५ ची गोळी किंचित जाड असते, पण जोरात .३०-०६ बरीच पुढे आहे. तसंही परवान्यावर जो बोअर, म्हणजे नळीचं माप, लिहिलाय त्याचंच काडतूस मिळणार, त्यामुळे ‘.३१५ भारी की .३०-०६’ या नाक्यावरच्या वादात मला रस नाही.

खरी चूक होते ती गोळीची बनावट न बघण्यात. पूर्ण धातूचं कवच असलेली गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते. रक्ताचा माग धड मिळत नाही आणि जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरतं. तिथे त्याच्यामागे वाकून जाणाऱ्याची गाठ सुळ्यांशी असते. शिवाय आपल्याकडे उताराखाली कुणाची तरी वाडी असतेच. आरपार गेलेली गोळी थांबणार कुठे? मऊ टोकाची, म्हणजे सॉफ्ट पॉइंट गोळी आत फुलते आणि तिचा जोर बहुतेक आतच संपतो. तरी मागे मातीचा बांध नसेल तर बार काढूच नका. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ढाल असते, हलकी आणि फार वेगवान गोळी तिथेच फुटू शकते. .३०-०६ मध्ये १८० ग्रेनची, म्हणजे साधारण ११.७ ग्रॅमची, सॉफ्ट पॉइंट मला पुरेशी वाटते. चाळीस-पन्नास पावलांवर लांबच्या माऱ्याचे तक्ते काय कामाचे?

‘जड गोळी झाडोऱ्यातून सरळ जाते’ हे ऐकीव आहे. कारवीची काटकीही गोळीची दिशा बदलू शकते. मोकळी फट मिळेपर्यंत थांबा.

बारा बोअरमध्ये पाखरांचे बारीक छर्रे भरून डुकरावर बार काढणं म्हणजे त्याला हाल करून सोडणं. एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस, चालेल, तेही जवळूनच.

आफ्रिकेतले व्हिडिओ बघून कुणाला .३७५ मॅग्नमसारखी भारी रायफल हवी असते. तिचा धक्का बसणार या धास्तीनेच घोडा ओढताना खांदा आवळतो आणि नेम सुटतो.

काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवू नका. खाऱ्या, दमट हवेत पितळेवर हिरवा थर लवकर चढतो. असं काडतूस घासून वापरू नका, परवानाधारक दुकानदाराला दाखवा. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की पहिल्या बाराआधी ती रिकामी असल्याची खात्री करून नळीतून उजेड दिसतो का ते बघा. आत बोळा किंवा कुंभारणीचं मातीचं घर राहिलं असेल, तर काडतूस कितीही योग्य असो, नळी फाटू शकते.