स्टँडअपमध्ये पुटपुटलो म्हणजे सांगितलं असं होत नाही

सॉफ्टवेअरमधल्या पहिल्या नोकरीत आठेक महिने झाले होते. दुसरंच काहीतरी शोधताना दिसलं, की डेटाबेसमधल्या नोटिफिकेशनच्या टेबलचा आयडी, म्हणजे प्रत्येक नोंदीला मिळणारा चढता क्रमांक, 190 कोटींच्या पुढे गेलाय. कॉलम साधा इंट, त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा 2,14,74,83,647, तिथे खेळ खलास. रोज चाळीसेक लाख रो, म्हणजे नव्या नोंदी, पडत होत्या. भागाकार पाचवीतल्या पोरालाही जमला असता. मी केला नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, म्हणालो, "त्या आयडीकडे एकदा बघायला लागेल बहुतेक." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं सांगून.

दोन महिन्यांनी मध्यरात्री इन्सर्ट, म्हणजे टेबलमध्ये नव्या नोंदी टाकणं, फेल व्हायला लागले. कॉलम बिगइंट (खूप मोठे आकडे मावणारा प्रकार) करायचा तर अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर लॉक राहतं. सकाळ उजाडली. "कुणालाच माहीत नव्हतं?" या प्रश्नावर मी म्हणालो, "मी बोललो होतो." त्या वाक्याची लाज अजून गेलेली नाही.

माझं वाक्य परत वाचा. "एकदा", "बहुतेक", "बघायला लागेल". कधी फुटणार, काय बंद पडणार, कोणी बघायचं, यातलं काहीच त्यात नाही. बोललो ते स्वतःच्या मनाचं ओझं उतरवायला. आज असं लिहीन: "आयडी 190 कोटींवर, मर्यादा 214 कोटी. या वेगाने साधारण 62 दिवसांत इन्सर्ट बंद पडतील. बदलताना टेबल लॉक होईल, म्हणून डाउनटाइम लागेल. स्क्रिप्ट मी लिहितो, तारीख तुम्ही ठरवा. गुरुवारपर्यंत कळवाल का?" एवढंच. चॅटबॉटकडून दोन पानी रिपोर्ट काढून पाठवू नका, कोणी उघडतसुद्धा नाही.

"प्रॉब्लेम नको, सोल्यूशन आणा" म्हणणारे सीनियर मला पटत नाहीत. नवखा माणूस सोल्यूशन शोधत गप्प बसतो आणि दिवस जातात. तासभर घालून आकडा काढा आणि सांगा. डेटा खराब होत असेल किंवा बाहेर जात असेल तर तो तासही नको, सरळ फोन करा.

आणि खोटं निघालं तर? माझं निघालंय. डिस्क भरतेय म्हणून ओरडलो, तर जुने लॉग रविवारी आपोआप पुसले जात होते. पाच मिनिटं हसले, विषय संपला.

गुरुवारी उत्तर आलं नाही तर परत विचारायचं. हे मला आजही जड जातं. मेसेज टाइप करून दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसतो, मग पाठवतो.