चायनीज पेपरकटिंग शिकताय? कात्रीआधी कान लावा

चीनमध्ये शीआनला भाषेचा कोर्स करत होते तेव्हा दोन वर्षं दर शनिवारी पेपरकटिंग शिकले. हात अजून साफ नाही, तरी लिहितेय, कारण नवीन मंडळी विचारतात ब्लेड कुठलं, कागद कुठला. अहो, आधी आतली नक्षी आणि शेवटी बाहेरची कड, हे तुम्हाला माहीतच असेल. घोळ तिथे होत नाही.

माझा झाला तो असा. शिकवणाऱ्या बाईंच्या आईचा ८०वा वाढदिवस होता. मला नमुना मिळाला, मधे दीर्घायुष्याचं 'शौ' अक्षर आणि भोवती पाच वटवाघळं. मी म्हटलं शी, वाढदिवसाला वटवाघळं? आपल्याकडे घरात शिरलं तरी अपशकुन मानतात. मग शहाणपणा करून पाच पोपट कापले, पीस न् पीस सुटं, स्वतःवरच खूश. आजी छान म्हणाल्या आणि मग हळूच विचारलं, पण फू कुठे गेले?

तर वटवाघूळ म्हणजे 'फू' आणि सौभाग्य म्हणजेही 'फू'. अक्षरं वेगळी, उच्चार एकच, टोन म्हणजे सुराची चढउतारसुद्धा तीच. पाच फू म्हणजे दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि सुखाचं मरण. मी आजींची पाचही सुखं उडवून लावली होती.

म्हणून सांगते, चित्र नुसतं बघू नका, त्यातल्या वस्तूचं नाव चिनीत मोठ्याने म्हणा. मासा 'यू', शिल्लक पण 'यू'. कमळ 'ल्येन', सलग पण 'ल्येन'. म्हणून कमळ आणि मासा एकत्र आले की दरवर्षी घरात काही ना काही शिल्लक राहो. हरीण 'लू', सरकारी पगारही 'लू'. आपला श्लेष कवितेत असतो, यांचा खिडकीवर चिकटवलेला असतो. सगळंच नुसत्या उच्चारावर नसतं हं, शीआनच्या उत्तरेला यानआनकडच्या खेड्यांतली दोन अंबाड्यांची बाहुली मुळात घराची राखण करायला असते.

डाउनलोड केलेल्या स्टेन्सिलचा मला राग आहे. कॉपीचा नाही, जुन्या बायका तर नमुना कोऱ्या कागदावर टाचून दिव्याच्या धुरावर धरायच्या, नमुना उचलला की काजळीत पांढरा आकार उरायचा. पण काय कापतोय ते त्यांना ठाऊक असायचं. युनेस्कोच्या यादीत २००९ला ही कला आली म्हणून सर्टिफिकेट वाटणाऱ्या वर्कशॉपला भुलू नका, आणि प्रत्येक आकाराला "हे का?" विचारल्यावर वैतागणारा शिक्षक तर सरळ सोडा.

आणि फाटलं तर फाटू दे. नंतर कापलेल्या वटवाघळांत पहिल्याचा पंख तुटलाच, सांधा बारीक ठेवला होता. मागून चिकटवला, कोणाला कळलं नाही. पोपट आजींनी स्वयंपाकघराच्या खिडकीला लावले.

हां, लग्नाबिग्नाला 'क्लासी दिसतं' म्हणून पांढरा कागद घेऊ नका. तिकडे तो मयताचा.