सीडी७३ पास, तरी पेशी नापास: स्ट्रोमल सेल्स वाढवताना या चुका टाळा

शुक्रवारी साडेपाच वाजले की महापे एमआयडीसीतल्या लॅबमध्ये ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, ऐंशी टक्के भरलाय फ्लास्क. सोमवारी केलं तर चालेल ना?" ठाणे लोकल पकडायची घाई मलाही असते. एकदा मी "चालेल" म्हणाले. सोमवारी फ्लास्कच्या एका कोपऱ्यात पेशींची चादर साय धरल्यासारखी सुटून वर आली होती. उरलेल्या पेशी ट्रिप्सिनने (चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या एन्झाइमने) सोडवल्या, मोजल्या, ९२ टक्के जिवंत. खूश होऊन पुढे वाढवायला घेतल्या आणि पुढचे दोन आठवडे त्या ढिम्म. अस्थिमज्जेतल्या एमएससी, म्हणजे मेसेनकायमल स्ट्रोमल सेल्स, एकमेकींना खेटल्या की वाढ आवरती घेतात, त्यांचा स्वभावच पालटतो. फ्लास्कचा ७०-८० टक्के तळ पेशींनी झाकला की तो मोकळा करा. तो दिवस शनिवारी येणार असेल, तर पेशी लावतानाच किती लावायच्या याचं गणित बदला.

गणितावरून सगळ्यात महागडी चूक आठवली: पॅसेजचा (पेशी काढून नव्या फ्लास्कमध्ये लावण्याच्या फेरीचा) आकडा म्हणजे पेशीचं वय, असं धरून चालणं. दोघी मैत्रिणींच्या फ्लास्कवर "पी-४", म्हणजे चौथा पॅसेज, लिहिलंय. पहिली दर चौरस सेंटिमीटरला ५,००० पेशी लावते आणि २०,००० झाल्या की काढते, म्हणजे दर पॅसेजला दोन दुपटी. दुसरी ५०० लावून त्याच २०,०००वर काढते, म्हणजे चाळीसपट, सव्वापाच दुपटी. चार पॅसेजनंतर एकीच्या पेशी ८ वेळा दुपटल्या, दुसरीच्या २१ वेळा. लेबल मात्र सारखंच! विरळ लावणं वाईट नाही, उलट तशा पेशी भराभर वाढतात. पण किती दुपटी झाल्या हे लेबलवर हवं. दर वेळी लावलेल्या आणि काढलेल्या पेशी मोजा, भागाकाराचा दोनच्या पायाचा लॉग घ्या, मागच्या बेरजेत मिळवा. पहिल्या पॅसेजआधीच्या दुपटी यात येत नाहीत, तेवढं ध्यानात असू द्या.

म्हाताऱ्या पेशी दिसतात पसरट, तव्यावर टाकलेल्या आंबोळीसारख्या. तरीही एमएससी ओळखायच्या २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांतल्या मार्करमध्ये (पृष्ठभागावरच्या ओळखखुणांच्या प्रथिनांत) त्या बहुधा बसतात: सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ हजर, सीडी४५ गैरहजर. हे निकष ओळखपत्रासारखे आहेत. पेशीत दम किती, हे त्यावर लिहिलेलं नसतं. त्यासाठी दुपटीला किती तास लागतात ते बघा, आणि ज्या कामासाठी पेशी हव्यात त्याचीच चाचणी लावा.

सीरमचा लॉट

सीरम म्हणजे पेशींच्या मीडियममध्ये (खाद्य-द्रावणात) वाढीसाठी घालतात तो रक्ताचा द्रव भाग. बाटली त्याच कंपनीची, पण लॉट नवा, म्हणजे मीडियम नवं समजा. जुना संपायच्या आत दोन-तीन लॉटचे नमुने मागवून त्याच पेशींवर शेजारी-शेजारी चालवा आणि पसंत पडलेल्या लॉटच्या बाटल्या राखून ठेवायला सांगा. प्राण्यांचं सीरम टाळून माणसाच्या प्लेटलेट लायसेटवर (फोडलेल्या प्लेटलेट्सच्या अर्कावर) जाणार असाल, तर गोठणं रोखणारं हेपॅरिन विसरू नका. लायसेटमध्ये फायब्रिनोजेन हे गोठवणारं प्रथिन शिल्लक असतं, मीडियममध्ये गोठायला मदत करणारं कॅल्शियम. सकाळी बाटली उघडावी तर आत खरवस! फायब्रिनोजेन काढून टाकलेलं लायसेट वापरत असाल तर प्रश्न नाही.

कमी ऑक्सिजन, पण दार उघडं

मज्जेत ऑक्सिजन साधारण १ ते ७ टक्के, नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये (पेशी उबेत ठेवायच्या कपाटात) १८-१९. म्हणून कुणी ५ टक्क्यांवर वाढवतं, ते ठीकच. पण दिवसातून दहादा दार उघडायचं आणि बाकावरचं हवा खाल्लेलं मीडियम ओतायचं, मग आपला प्रयोग नक्की किती टक्क्यांचा? मीडियम आदल्या रात्री त्याच इन्क्युबेटरमध्ये सैल झाकणाने ठेवा. जुलैत नवी मुंबईच्या दमट हवेत पाण्याच्या ट्रेवर बुरशी धरते, तीही बघत जा.

ट्रिप्सिनबद्दल थोडक्यात: घड्याळ लावा. फोन आला म्हणून दहा मिनिटं राहिलं, तर पृष्ठभागावरची प्रथिनं कातरली जातात आणि फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीवरचे मार्कर मोजणाऱ्या चाचणीत) मार्कर "कमी" दिसतो.

फ्रीझरमधून काढलेल्या पेशींचा निकाल त्याच दिवशी लावू नका. प्रतिकारशक्तीला लगाम घालण्याची ताकद मोजायला इंटरफेरॉन गॅमा (प्रतिकारशक्तीचा एक संदेश-रेणू) देतात. त्याला ताज्या वितळलेल्या पेशींचा प्रतिसाद मंद असू शकतो, दिवसभर वाढवल्या की सावरतो. वितळवून थेट रुग्णाला टोचायच्या असतील, तर मात्र चाचणीही तशाच पेशींवर हवी. (गुडघ्यात स्टेम सेल टोचून देतो म्हणणाऱ्या पाट्या बघितल्या असतील. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रयोग मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवेत.)

राहता राहिला मायकोप्लाझ्मा, पेशींच्या फ्लास्कमध्ये शिरणारा अतिसूक्ष्म जिवाणू. मीडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, वाढ तेवढी मंदावते आणि आपण सीरमला शिव्या देत बसतो. त्याला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग शून्य. चाचणीचा नमुना दोन-तीन दिवस न बदललेल्या मीडियममधून घ्या. आताच मीडियम बदललं असेल, तर नमुना परवा.